लघु ॲनिमेशनपट आणि चाहत्यांची ॲनिमेशनं: बघायची कशी, दाखवायची कशी?

तापीथडी

बठ्ठास्ले राम राम.

अमळनेरला एका वाचनालयाच्या सभागृहात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लघु ॲनिमेशनपटांची एक संध्याकाळ करायचं ठरतंय. सत्तर-ऐंशी प्रेक्षक येतील. आठवी-नववीची मुलं, कॉलेजातली पोरं-पोरी, काही शिक्षक, काही पालक. निम्मा वेळ गाजलेले लघुपट आणि निम्मा वेळ चाहत्यांनी केलेली ॲनिमेशनं, म्हणजे आवडत्या गाण्यावर किंवा पात्रांवर स्वतः चित्रं काढून केलेले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ.

अडचण अशी की बघून झालं की बोलणं "भारी आहे", "काय स्मूथ आहे" याच्यापुढे सरकत नाही. जे स्मूथ नाही ते कच्चं, असाच बहुतेकांचा समज असतो. तर बघताना नेमकं काय बघायला सांगावं? चाहत्यांच्या कामाचं मोल कसं करावं? आणि प्रोजेक्टर, फाइली, परवानग्या यांत कुठे अडतं?

नंतर मुलांकडून आखाजीच्या झोक्याच्या गाण्यावर एक मिनिटाचं ॲनिमेशन करून घ्यायचं आहे. किती चित्रं लागतील, तेही सांगा.

चौकट_चोवीस

दादा, सगळ्यात आधी तो स्मूथचा समज काढायला हवा, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं, असतात. पण हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये चित्र बहुतेक वेळा दर दोन फ्रेमला बदलतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला ऑन टूज म्हणतात. तीन फ्रेमला एक असेल तर ८ चित्रं, ते ऑन थ्रीज. दर फ्रेमला नवं चित्र असेल तर ऑन वन्स. जास्त चित्रं म्हणजे जास्त चांगलं, असं अजिबात नसतं. 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) लघुपट नाही, पण मुलांना हे लगेच पटवून देतो. जंगलात झोके घेत पळण्याच्या प्रसंगात अनुभवी पीटर ऑन वन्स हलतो आणि शिकाऊ माइल्स ऑन टूज. एकाच दृश्यात दोन वेग ठेवल्यामुळे माइल्स अडखळतोय हे संवादाशिवाय कळतं.

म्हणून प्रेक्षकांना "किती हललं?" असं विचारू नका, "कुठे थांबलं आणि किती वेळ थांबलं?" असं विचारा. पात्र वळण्याआधी डोळे आधी वळतात का, उडी मारण्याआधी शरीर खाली दबतं का, हात थांबल्यावर बाही किंवा पदर अजून दोन-तीन चित्रं चालू राहतो का. वजन या जागांवर दिसतं. जड हंडा उचलणाऱ्या बाईची मान, कंबर आणि पाय एकाच फ्रेमला हलले तर हंडा रिकामा वाटणार, मग चित्र कितीही सुबक असो.

पद्धत अशी ठेवा. पहिल्यांदा लघुपट न थांबवता पूर्ण दाखवा. मग त्यातला फक्त अर्धा मिनिट आवाज बंद करून. मग तोच अर्धा मिनिट पडदा झाकून, नुसता आवाज. शेवटी पाच सेकंद एकेक फ्रेम पुढे नेत. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की पुढची फ्रेम, स्वल्पविरामाची दाबली की मागची. मुलांना वहीत २४ घरांची एक ओळ आखायला सांगा आणि चित्र बदललं त्या घरात फुली मारायला लावा. दोन सेकंदांच्या फुल्या जमल्या की लय कागदावर दिसते. एक खबरदारी घ्या. मूळ २४ फ्रेमचं काम ३० किंवा ६० वर एक्स्पोर्ट केलेलं असेल तर मध्येच काही फ्रेम दुबार येतात आणि मोजणी वेडीवाकडी होते. आधी फाइलचा फ्रेम रेट तपासा.

काय दाखवावं यासाठी काही नावं. 'एक अनेक और एकता' (१९७४, विजया मुळे) पालकांच्या पिढीला दूरदर्शनमुळे तोंडपाठ आहे, म्हणून सुरुवातीला ठेवा. सपाट रंग, मोजकी हालचाल, आणि तरी गाण्याचा प्रत्येक ठोका चित्रात सापडतो. यूरी नॉर्श्टाइनचा 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) दहा मिनिटांचा आहे. काचेच्या थरांवर कागदी कात्रणं हलवून केलेला. त्यातलं धुकं म्हणजे अतिशय पातळ कागद, जो फ्रेमगणिक थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत नेला आहे. हे प्रेक्षकांना बघून झाल्यावरच सांगा, आधी सांगितलं तर धुक्याऐवजी कागद दिसायला लागतो. मायकेल डुडोक दे विट यांचा 'फादर अँड डॉटर' (२०००) आठ मिनिटांचा, एकही संवाद नाही. त्यात माणसं किती लहान काढलीत आणि सावल्या किती लांब, ते बघायला सांगा. गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६) पंधरा मिनिटांचा. एकट्या म्हातारीचं घर करड्या छटांत आणि तिच्या काडेपेट्यांवरच्या चित्रांचं जग रंगात. आपल्याकडच्या प्रेक्षकांना यातलं स्वयंपाकघर ओळखीचं वाटेल, माझी सगळ्यात जास्त शिफारस याची.

नॉर्मन मॅक्लॅरनचा 'नेबर्स' (१९५२) मोहात पाडणारा आहे. खऱ्या माणसांना फ्रेमगणिक हलवून केलेला, आवाजही फिल्मच्या ध्वनिपट्टीवर आकृत्यांचे फोटो उमटवून तयार केलेला. पण शेवटाकडे बायका आणि तान्ह्या मुलांवर हल्ला होतो. आठवी-नववीची मुलं बसणार असतील तर शिक्षकांनी आधी बघून ठरवावं.

वही_पेन्सिल

चाहत्यांच्या कामाबद्दल लिहिते.

त्याला गाजलेल्या लघुपटांची फूटपट्टी लावू नये आणि "हौशी आहे, चालायचंच" असं म्हणून सोडूनही देऊ नये. इथे पात्र आणि गाणं दुसऱ्याचं असतं, म्हणून चित्रकाराने स्वतः काय ठरवलं ते शोधायचं असतं. तीन गोष्टी बघा. एक, गाण्याच्या कोणत्या ठोक्यावर चित्र बदललंय. नवशिका प्रत्येक ठोक्यावर कट मारतो, मुरलेला चार ठोके सोडतो आणि पाचव्याला हलवतो. दोन, शब्दांचं शब्दशः चित्र काढलंय का. गाण्यात पाऊस आला की पाऊस, डोळे आले की डोळे, असं चाललं तर चित्र गाण्याच्या मागे फरफटतं. तीन, एकच चित्र पुन्हा वापरलंय ते कुठे. तोच चालण्याचा लूप (पुन्हा पुन्हा फिरवलेली तीच चित्रं) दुसऱ्या कडव्यात वेगळ्या पार्श्वभूमीवर आला की अर्थ बदलतो का? बदलत असेल तर ती काटकसर नाही, ती रचना आहे.

ओठांची जुळणीही बघा. आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ओठ उघडले तर डोळ्याला बरोबर वाटतं. नंतर उघडले तर दोन फ्रेमचा उशीरही खटकतो. प, ब, म या अक्षरांना ओठ पूर्ण मिटलेले दिसायलाच हवेत, बाकी आकार थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतं.

मल्टि-ॲनिमेटर प्रोजेक्ट, ज्याला सगळे मॅप म्हणतात, त्याचा एक नमुना जरूर ठेवा. एक गाणं पाच-दहा सेकंदांच्या तुकड्यांत वाटतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा चित्रकार करतो. यात बघायचं ते सांधे. आधीच्याचं शेवटचं चित्र आणि पुढच्याचं पहिलं चित्र हालचालीच्या दिशेने जुळतंय का? पात्र उजवीकडे जात असताना पुढचा तुकडा डावीकडे निघाला तर गाणं नीट चालू असूनही प्रेक्षक क्षणभर चुकतो.

आता परवानग्या. "श्रेय दिलंय" म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. चाहत्याच्या व्हिडिओत तीन हक्क एकावर एक असतात: मूळ पात्राचा, गाण्याचा, आणि चित्रं काढणाऱ्याचा. चित्रकाराला निरोप पाठवून परवानगी मागा आणि सोबत मूळ फाइलही मागा. पण तो स्वतःच्या चित्रांपुरतंच हो म्हणू शकतो, गाण्याचं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळा-कॉलेजातल्या उपक्रमात, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरते असतील तर चित्रपट दाखवण्याला मोकळीक आहे. सर्वांना खुलं असलेलं वाचनालय त्यात बसत नाही. म्हणून एखाद्या शाळेचा उपक्रम म्हणून तिच्याच सभागृहात कार्यक्रम घेणं जास्त सुरक्षित.

खुल्या सभागृहातच करायचं असेल तर ब्लेंडर या फुकट ॲनिमेशन सॉफ्टवेअरवाल्यांचे खुले लघुपट घ्या: 'बिग बक बनी' (२००८), 'सिंटेल' (२०१०), 'स्प्रिंग' (२०१९). यांचा परवाना श्रेय देऊन कुठेही दाखवायला मोकळा आहे. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाच्या संकेतस्थळावर बरेच लघुपट फुकट बघता येतात, पण ते घरी बघण्यासाठी. सार्वजनिक खेळासाठी त्यांच्याकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते.

भुसावळ_यार्ड

तांत्रिक भाग.

टीव्हीवर दाखवणार असाल तर पहिलं काम, हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करणं. एलजीमध्ये ती ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावाने असते. ती चालू राहिली तर टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः बनवतो आणि वर चौकट_चोवीस यांनी सांगितलेले सगळे थांबे पुसले जातात. वेगाच्या चित्रात हाताच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. काही प्रोजेक्टरांमध्येही हे असतं. याच कारणाने यूट्यूबवर "६० एफपीएस" (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणून फिरणाऱ्या जुन्या ॲनिमेशनच्या आवृत्त्या घेऊ नका. त्यात मधली चित्रं संगणकाने घातलेली असतात.

फाइल १९२०×१०८०, एच.२६४ (व्हिडिओ साठवायची नेहमीची पद्धत), बिटरेट सेकंदाला १५ ते २० मेगाबिट. काचेवर रंगवलेली किंवा पेन्सिलीचा खरखरीतपणा असलेली कामं कमी बिटरेटला सगळ्यात आधी फुटतात, कारण तिथे प्रत्येक फ्रेममध्ये सगळा पडदाच बदलत असतो. सपाट रंगाचं काम कमी बिटरेटलाही टिकतं. त्यामुळे खराब कॉपी बघून चित्रकाराला दोष देऊ नका.

आवाज हमखास गडबडतो. चाहत्यांच्या व्हिडिओंत एक कुजबुजतो, दुसरा कानठळ्या बसवतो. शॉटकट नावाचा फुकट एडिटर घ्या, प्रत्येक क्लिपला 'नॉर्मलाइझ: टू पास' फिल्टर लावा आणि सगळ्यांचं लक्ष्य -१६ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं माप) ठेवा. सगळं एकाच फाइलमध्ये जोडा, दोन लघुपटांच्या मध्ये दहा सेकंद काळा पडदा ठेवा. लॅपटॉपवर फाइल शोधत बसलं की आधीच्या लघुपटाचा परिणाम तिथेच संपतो.

मे महिन्यात आपल्याकडे साडेसातच्या आधी नीट अंधार होत नाही. खिडक्यांना पडदे नसतील तर कार्यक्रम त्यानंतरच ठेवा, नाहीतर 'प्रिंटेड रेनबो'मधल्या करड्या छटा दिसणारच नाहीत. अंधाऱ्या सभागृहात दहा फूट रुंद पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. प्रोजेक्टरची हवा येण्याची जाळी भिंतीला चिकटवू नका. त्या उन्हाळ्यात तापून तो मध्येच बंद पडतो. लाइट जाण्याची सोय म्हणून प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

दीड तासात पन्नास-पंचावन्न मिनिटांचेच चित्रपट घाला. नऊ-दहापेक्षा जास्त लघुपट ठेवले तर पहिले विसरले जातात.

तापीथडी

मंडळी, फार मोलाचं सांगितलंत. शाळेचा उपक्रम म्हणून करायचं नक्की करतो. आता मुलांच्या मिनिटाबद्दल. गाणं मुली स्वतः म्हणतील, ढोलकी साथीला. साधारण १०० बीपीएमची, म्हणजे मिनिटाला १०० ठोक्यांची चाल आहे. झोका मुख्य दृश्य. बहिणाबाईंच्या कवितेवरही एक करावं असं शिक्षिका म्हणतात, त्याला परवानगी लागेल का?

वही_पेन्सिल

बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पहिला संग्रह १९५२ मध्ये आला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे त्या संग्रहातल्या कवितांचा हक्क २०१२ अखेर संपला. शब्द मोकळे आहेत. पण कवितेला कुणी दिलेली चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. मुलींनी स्वतः चाल लावून म्हटलं तर काहीच अडचण नाही. आखाजीच्या पारंपरिक गाण्याचंही तसंच. चाल परंपरेची असली तरी एखाद्या कंपनीचं रेकॉर्डिंग उचलू नका, यूट्यूबवर लगेच दावा लागतो.

चौकट_चोवीस

१०० बीपीएम असेल तर २४ सोडा आणि २५ फ्रेम घ्या. कारण साधं आहे. २४ ला एका ठोक्याच्या १४.४ फ्रेम होतात. १४ धरल्या तर तीस ठोक्यांत १२ फ्रेमची तफावत पडते, म्हणजे चित्र अर्धा सेकंद पुढे निघून जातं. २५ ला बरोबर १५ फ्रेम येतात. गाणं आधी रेकॉर्ड करा, मुलींच्या कानात मेट्रोनोमचा (एकसारखे ठोके देणाऱ्या यंत्राचा किंवा ॲपचा) ठोका ठेवून, नाहीतर दुसऱ्या कडव्यात चाल चढते. फोनवर व्हिडिओ म्हणून रेकॉर्ड केलंत तर फ्रेम रेट बदलता असतो आणि आवाज हळूहळू सरकतो. नुसता आवाज घ्या, वेव्ह फाइलमध्ये.

झोका आता. झोका टोकांना मंद आणि मध्ये वेगवान असतो. मुलं सगळी चित्रं समान अंतरावर काढतात, म्हणून तो गाडीच्या वायपरसारखा दिसतो. एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत १५ चित्रं काढा. दोरीचे कोन उभ्या रेषेपासून असे: ३०, २९, २७, २३.५, १९, १३, ६.५ आणि ०, मग दुसऱ्या बाजूला हेच उलट क्रमाने. कंपासपेटीतला कोनमापक पुरे. ऑन थ्रीज धरलं तर एक फेरी ४५ फ्रेम, म्हणजे तीन ठोके. परत येताना तीच चित्रं उलट लावा, दोन्ही टोकांचं चित्र दोनदा आलं तरी चालेल, टोकाला झोका थबकतोच. जाऊन-येऊन ९० फ्रेम, ३.६ सेकंद. खऱ्या झोक्याला एवढा वेळ लागतो तेव्हा दोरी सव्वातीन मीटरच्या आसपास असते, म्हणजे मोठ्या निंबाच्या फांदीचा झोका. जाऊन-येऊन चारच ठोक्यांत, २.४ सेकंदांत बसवलात तर दोरी दीड मीटरपेक्षा थोडी कमी काढा. दोरी लांब आणि वेळ कमी असं झालं की झोक्यावरची मुलगी कागदाची वाटते. गाणं सहा मात्रांचं असेल तर ९० फ्रेमचा लूप आपोआप चालीवर बसेल.

पदर आणि वेणी वेगळ्या थरावर काढा आणि शरीराच्या दोन चित्रं मागे ठेवा. हा थर मात्र उलटा लावून चालत नाही. परतीच्या फेरीत पदर दुसऱ्या बाजूला उडतो, त्याची १५ चित्रं नव्याने काढावी लागतात. इथे आळस केला की सगळा झोका खोटा पडतो.

एकूण मिनिटाच्या १५०० फ्रेम, ऑन थ्रीज ५०० बदल. झोका, टाळ्या, फुगडी हे लूप धरले तर वेगळी चित्रं १२० ते १५० पुरतात. बारा मुलं असतील तर प्रत्येकी दहा-बारा.

कापूसबोंड

कागदाचं मी सांगतो. ए-फोर, ८० जीएसएम. ऑफिसच्या दोन छिद्रांच्या पंचने सगळे कागद एकाच बाजूने पंच करा. त्याच्या छिद्रांचं अंतर ८ सेंटिमीटर आणि व्यास ६ मिलिमीटर असतो. एका फळीवर त्या अंतरावर लाकडी खुंट्या बसवा, छिद्रात घट्ट बसतील अशा. सैल राहिल्या तर चित्र प्रत्येक फ्रेमला थरथरतं, आणि हा दोष नंतर संगणकावर काढणं फार वेळखाऊ. खालून प्रकाशासाठी काच आणि तिच्याखाली एलईडी ट्यूब.

फोटो काढताना फोन स्टँडवर पक्का, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. ऑटोवर ठेवलं तर हात आत-बाहेर होताच चित्र उजळ-काळं होतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि दुसरा शटर ठेवला तर पट्टे येतात. खिडकीचा उजेड पूर्ण झाका. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, म्हणून शूटिंग सकाळी उरका. पंखा बंद ठेवणं जमणार नाही, तेव्हा कागदावर स्वच्छ काच ठेवा आणि तिच्यात फोनचं प्रतिबिंब पडू नये म्हणून फोनभोवती काळा कागद लावा. ऑइल क्लेच्या बाहुल्या मात्र मे महिन्यात नकोच. त्या तापमानात क्ले मऊ पडते आणि दिव्याखाली हात-पाय वाकतात. क्लेची हौस असेल तर थंडीत करा.

तुकडे वाटताना सगळ्यांना सारखं द्या: २५ फ्रेम, १९२०×१०८०, पाच रंगांची ठरलेली पट्टी, आणि मागच्या-पुढच्या मुलाचं सांध्यावरचं चित्र. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना १२ फ्रेम जास्त काढायला सांगा, जोडताना कापायला जागा राहते. मुलीच्या साडीचा रंग एका कागदावर रंगवून वर्गात लावून ठेवा. फाइलीचं नाव तुकड्याच्या क्रमांकाने सुरू करा, ०१, ०२ असं, नाहीतर दहावा तुकडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.